आमची वाटचाल : पोफळीचा ठसा आणि एकविसचा पूर

दिवाळीच्या आधी कुणीतरी विचारतंच, "हे प्रेसमध्ये छापलेलंच ना?" नाही हो. २०११ साली चिपळुणात मी आणि माझ्या धाकट्या जावेने जेवणाच्या टेबलावर सुरुवात केली, तेव्हापासून एकेक शुभेच्छा कार्ड हातानेच उमटतंय. लाकडी ठशाने शाई उमटवायची, ओल्या शाईवर एम्बॉसिंग पावडर टाकायची, मग हीट गनच्या गरम हवेने ती वितळवून नक्षी फुगवायची.

ठसे सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एका कारागिराकडून सागवानात कोरून घेतले. तो खेळणी करणारा. "कागदावर लाकूड कोण मारतं?" म्हणाला. पण पोफळीचा घोस असा कोरला की सुपाऱ्या मोजून घ्याव्यात. खाली फोमची गादी हवी, नाहीतर लाकडी ठसा मधोमध उमटतच नाही. हे कळायला आमची दीडशे कार्डं वाया गेली.

पुढची नऊ-दहा वर्षं ऑर्डरी आणि जागरणं, बाकी काही नाही.

२२ जुलै २०२१. पाणी बाजारपेठेत शिरलं. शहाणपणा करून सगळा माल २००५च्या पुराच्या खुणेच्या वर ठेवलेला, पाणी त्याच्याही हातभर वर गेलं. ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कार्डशीटचे गठ्ठे असे फुगले की कपाटाची दारं आतून फुटली. एम्बॉसिंग पावडर पाण्यात विरघळत नाही, पण उघड्या डबीतली सोनेरी पावडर गाळात गेली ती गेलीच. फावड्याने चिखल ओढत होतो आणि चिखल चमकत होता. ठसे उन्हात टाकले असते तर तडकले असते, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून पडवीत सावलीत वाळवले. बावीसपैकी नऊ वाचले. पोफळीला चीर गेली, पण वाचली.

आम्ही चिखल काढत असताना गावातल्याच, उंचावर दुकान असलेल्या एका प्रेसवाल्याने आमचाच पोफळीचा घोस थर्मोग्राफीवर काढला. ओल्या शाईवर पावडर, मग मशीनमधली उष्णता. युक्ती तीच, पण तासाला हजारांनी. करा की! पण पाकिटावर "हस्तनिर्मित"? विचारायला गेले तर म्हणाला, "वहिनी, पोफळ काय तुमच्या एकट्यांच्या वाडीत लागते?" अजून समोर आला की मी रस्ता बदलते.

गुहागरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका पहिल्या वर्षापासून आमच्याकडून दिवाळीला चाळीस कार्डं नेतात, जुन्या विद्यार्थ्यांना पाठवायला. त्या वर्षी कुणीतरी त्यांना प्रेसवाल्याचं कार्ड आणून दिलं. त्यांनी बोट फिरवलं आणि मला फोन केला, "अगं, ह्यात पावडरचा एकही दाणा वाट चुकलेला नाही. हे तुझं नव्हे." चाळीसची ऑर्डर त्यांनी आगाऊ पैसे देऊन तशीच ठेवली. त्यातूनच नवी हीट गन आली.

नव्याने करणाऱ्यांना सांगते, हेअर ड्रायरच्या नादी लागू नका, पावडर उडते आणि वितळत नाही. शाई चिकट, सावकाश सुकणारीच घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात कागद दमट असतो, पावडर नको तिथे धरते. आधी कागदावर गन फिरवा, गार होऊ द्या, मलमलच्या पुरचुंडीतली टाल्कम हलकी थोपटा, मग ठसा. पावडर फुगून चकाकली की गन लगेच बाजूला. जास्त तापली तर तेलकट होऊन बसते.

कारागीर नवी पोफळ कोरून द्यायला तयार आहे. गुहागरच्या बाई नको म्हणतात. त्यांच्या चाळीस कार्डांवर उजवीकडच्या तिसऱ्या सुपारीत बारीक रेघ असते.