फायबर लॉग: आखूड साखळीकडून लांब साखळीकडे

आतड्यातल्या जिवाणूंना खाद्य म्हणून मी फायबरची पूड पाण्यातून घेतो. त्यात आखूड साखळीचं ऑलिगोफ्रुक्टोज बंद करून लांब साखळीच्या इन्युलिनवर आलो, त्याला आता बरेच दिवस झाले. श्वासातल्या हायड्रोजनचे आकडे स्थिरावलेत, म्हणून नोंदी मांडतो.

आधी ग्लासातला फरक. ऑलिगोफ्रुक्टोज पाण्यात टाकलं की चमचा जरा फिरवताच विरघळतं. पाणी नितळ, चव गोडसर. लांब साखळीचं कितीही ढवळा, पाणी दुधट ते दुधटच. ग्लास तसाच ठेवला तर तळाशी पांढरा थर बसतो आणि शेवटचा घोट खडूसारखा लागतो. गोडी जवळपास नाहीच. खरं तर दोन्ही एकाच कुळातली. फ्रुक्टोजचे रेणू बीटा 2-1 बंधाने एकापुढे एक जोडलेले, आणि तो बंध तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. म्हणून माल जवळजवळ जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो. ऑलिगोफ्रुक्टोजची साखळी 10 रेणूंच्या आत संपते, इन्युलिनची 60 पर्यंत जाते.

श्वासातला हायड्रोजन मोजायचं छोटं यंत्र असेल तर पुढचा फरक थेट बघता येतो. आपल्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, त्यामुळे श्वासात दिसेल तो सगळा जिवाणूंनी बनवलेला. ऑलिगोफ्रुक्टोज घेतल्यावर माझा आलेख एकदम वर चढायचा आणि तितक्याच घाईने खाली यायचा. मधल्या वेळात पोट गच्च, गुडगुड वेगळीच. तेवढ्याच ग्रॅमचं लांब इन्युलिन घेतलं की चढ उशिरा येतो, बुटका असतो आणि लांबत जातो. आखूड साखळीवर जिवाणू मोठ्या आतड्याच्या तोंडाशीच तुटून पडतात. लांब साखळी संपायला वेळ लागतो, त्यामुळे तिचा काही भाग पुढपर्यंत पोचतो. मला हेच हवं होतं.

पण कमी हायड्रोजन म्हणजे कमी किण्वन (जिवाणूंनी फायबर आंबवणं), असं धरून चालू नका. ज्यांच्या पोटात मिथेनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी या मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाची वस्ती दांडगी, त्यांच्याकडे हायड्रोजनचे 4 रेणू खर्ची पडून मिथेनचा 1 बनतो. यंत्र मिथेन मोजत नसेल तर आलेख सपाट दिसतो आणि पोट मात्र फुगलेलं.

आता थोडं परखड. फायबरचे प्रयोग करणाऱ्या आपल्या मंडळींत बिफिडोची, म्हणजे बिफिडोबॅक्टेरियम जिवाणूंची, टक्केवारी मिरवायची फार हौस आहे. गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी 1995 मध्ये प्रीबायोटिकची, म्हणजे आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना पोसणाऱ्या खाद्याची, कल्पना मांडली, तेव्हापासून बिफिडो वाढले की जिंकलो असा समज रुजलाय. पण बिफिडो ब्यूटिरेट हे आतड्याला हवं असलेलं आम्ल बनवतच नाहीत! ते अॅसिटेट आणि लॅक्टेट सोडतात. ते उचलून ब्यूटिरेट करणारे जिवाणू वेगळे: अॅनेरोस्टाइप्स लॅक्टेटवर जगतो, फीकॅलिबॅक्टेरियम अॅसिटेट वापरतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच ब्यूटिरेट. म्हणजे आपण वाढतो एकाच्या ताटात आणि आशा धरतो दुसऱ्याकडून. दुसरा पंगतीला हजर आहे का, हे बघितल्याशिवाय पहिल्याची टक्केवारी घेऊन करायचं काय?

त्यात विष्ठेच्या चाचणीतले आकडे सापेक्ष. बिफिडो वाढले की बाकीच्यांची टक्केवारी आपोआप घसरते, त्यांची प्रत्यक्ष संख्या तीळभरही कमी झालेली नसली तरी. ‘इन्युलिनने बॅक्टेरॉइड्स (आतड्यातले आणखी एक जिवाणू) मारले’ असले निष्कर्ष म्हणूनच मी वाचून सोडून देतो.

इसबगोलही मधे घेऊन पाहिलं. शौचाला उत्तम, पण जिवाणू त्याला फारसे खात नाहीत. हायड्रोजन हललाच नाही. आयबीएस (आतड्याचा एक जुनाट त्रास) असलेल्यांना फ्रुक्टनचा, म्हणजे इन्युलिनसारख्या फ्रुक्टोजच्या साखळ्यांचा, त्रास होऊ शकतो, त्यांनी माझे डोस उचलू नयेत, डॉक्टरांशी बोलावं.

पुढची फेरी कच्च्या बटाट्याच्या स्टार्चची. हा ‘टाइप 2’ रेझिस्टंट स्टार्च, म्हणजे लहान आतड्यात सहसा न पचणारा. त्याचे कण फोडण्यात रुमिनोकॉकस ब्रोमी हा जिवाणू मातब्बर. बाकीचे बरेच जण त्याने फोडून टाकलेल्यावर पोसले जातात. फोडणारं कुणीच नसेल तर बराचसा स्टार्च तसाच बाहेर पडतो, त्यामुळे एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडेलच असं नाही. तो थंड पाण्यातच कालवायचा. साधारण 60 अंशांच्या पुढे कण फुगून फुटतात आणि मग लहान आतडंच तो पचवून टाकतं. इन्युलिन पूर्ण थांबवून, श्वासाचा आकडा मूळ पातळीला आला की सुरुवात करतो. कुणी दोन्ही एकत्र घेत असेल तर मिथेनसकट आलेख दाखवा.