फर्स्ट हुसार्स : समुद्रात उतरलेले रणगाडे

पुण्यात राहणाऱ्याला रणगाड्यांची रेजिमेंट म्हटली की पूना हॉर्स आठवते. तिच्यामुळेच मला घोडदळातून चिलखती दळात आलेल्या इतर पलटणींचा इतिहास वाचण्याची गोडी लागली. कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या लंडन शहरात १८७२ साली उभी राहिलेली फर्स्ट हुसार्स त्यांपैकीच एक असून आज ती राखीव दलात आहे, म्हणजे तिचे बहुतेक सैनिक नोकरीधंदा किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी सराव करतात.

दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ रोजी, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर या रेजिमेंटचे काही शर्मन रणगाडे कॅनव्हासचा उंच पडदा चढवून, मागच्या दोन पंख्यांच्या जोरावर खवळलेल्या समुद्रातून किनाऱ्याकडे निघाले. तीस टनांहून जड लोखंड कापडाच्या भरवशावर पाण्यात सोडायचे, हे धाडस की अविचार, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. काही रणगाडे बुडाले. त्यांतला ‘बोल्ड’ १९७० मध्ये समुद्रातून काढून कूरसेल-सूर-मेर गावात ठेवण्यात आला. किनाऱ्यावर उतरल्यानंतर पाचच दिवसांनी ल मेनिल-पात्री गावाजवळच्या लढाईत रेजिमेंटची भीषण हानी झाली. ‘होली रोलर’ हा रणगाडा मात्र युद्धाच्या अखेरपर्यंत टिकला आणि स्वयंसेवकांनी केलेल्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये ओंटारियोतल्या लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये परतला.