लेगसीचे टायर: १७, १८ की (नवऱ्याचे) १९

मार्चमध्ये घराजवळच खड्ड्यात आपटले. म्हणजे गाडी आपटली, पण आवाज असा आला की माझेच दात वाजले. इथे डेन्व्हरला मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळतो, ते पाणी रस्त्याच्या भेगांत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि डांबर उखडतं, त्यामुळे काल नसलेला खड्डा आज हजर. आमच्या नाशिकला निदान पावसाळ्याची वाट तरी बघावी लागते. घरी येऊन बघितलं तर पुढच्या डाव्या टायरला बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला.

गाडी सुबारू लेगसी, २०१८ ची लिमिटेड (वरचं मॉडेल), म्हणजे १८ इंची अलॉय रिम आणि २२५/५० आर १८ टायर. टायरच्या दुकानातला मुलगा म्हणाला की साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, पॅच बसत नाही, एक नवीन टाका, बाकीचे तीन चालतील अजून. मला बरंच वाटलं, एकाच टायरचे पैसे! रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर सहज सांगितलं (त्यांची सकाळ, चहा चालू होता). बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत.

"तुझ्या गाडीची चारी चाकं ओढतात ना गं? मग एकच नवा कसा लावतेस?"

मग त्यांनी बसचं सांगितलं. मागे एका बाजूला दोन-दोन टायर असतात, त्या जोडीत एक नवा आणि एक झिजलेला लावला की जो उंच तो सगळा भार घेतो, तापतो आणि वाटेत फुटतो. म्हणून जोडी मापून लावायची. लहानपणी डेपोत गेले की कुणीतरी टायरवर रॉड आपटून आवाज ऐकत असायचं, मला तो खेळ वाटायचा.

फोन ठेवला आणि शोधायला बसले तर बाबांचंच बरोबर. सुबारूचं म्हणणं आहे की चारी टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. आता माझ्या जुन्या टायरांच्या नक्षीची खोली ५/३२ इंच उरलेली (इथे झीज इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात), नवा टायर साधारण १०/३२ चा. म्हणजे त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक आणि घेरात जवळपास २५, म्हणजे एक अख्खा इंच, चालतो त्याच्या चौपट! लहान घेराच्या चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात, मग पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळ्या स्पीडने फिरतात आणि तो फरक मधला क्लच पचवतो. आमच्या ऑटोमॅटिकमध्ये तिथे क्लच प्लेट्सचा पॅक आहे, वळताना थोडं घसरणं त्याचं कामच आहे, पण हायवेवर सरळ जाताना पण तासनतास तेच चालू राहिलं तर प्लेट्स तापून झिजणार, आणि ते काम निघालं की चार टायरचे पैसे किरकोळ वाटतील.

एक पर्याय होता, नवा टायर किसून घ्यायचा. हो, खोबऱ्यासारखा. मशिनवर नक्षी उतरवून जुन्यांच्या बरोबरीला आणतात. पण कोलोरॅडोत सप्टेंबर ते मे आय-७० हायवेच्या डोंगराळ पट्ट्यात, मॉरिसन ते डॉटसेरो, गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारी चाकं ओढणारी) असली तरी नक्षी किमान ३/१६ इंच लागते, म्हणजे ६/३२. माझे तीन "चांगले" टायर तिथे आधीच नापास! चार नवे घ्यायचे हे इथेच ठरलं.

आणि चार घ्यायचेच आहेत तर साइज तीच कशाला, असा किडा डोक्यात आला. तो नवऱ्याच्या डोक्यात केव्हाचा होता, फक्त उलट्या दिशेने. त्याला १९ इंची काळे अलॉय हवे होते.

आकडा वाचायचा असा: २२५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ५० म्हणजे रुंदीच्या ५० टक्के साइडवॉलची उंची, १८ हा इंचात रिम. साइडवॉल ११२.५ मिमी, टायरची पूर्ण उंची ६८२ मिमी. रिम बदला, काहीही करा, पण ही पूर्ण उंची हलली नाही पाहिजे. नवऱ्याचं २२५/४५ आर १९ घेतलं तर ६८५, गणितात बसतं हो, खोटं कशाला बोलू. पण साइडवॉल उरते १०१ मिमी, आणि त्याच खड्ड्यात पुन्हा गेले तर यावेळी फुग्यावर भागणार नाही, रिमच वाकेल. २२५/५५ आर १७ घेतलं तर उंची ६७९, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, ताशी ७० मैलांच्या स्पीडला मीटरमध्ये जेमतेम पाव-अर्ध्या मैलाचा फरक. साइडवॉल मात्र जवळजवळ १२४. खड्डा आणि रिमच्या मध्ये ११ मिलिमीटर जास्त रबर आणि हवा! शिवाय १७ चे टायर स्वस्त पडतात, आणि याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनीच १७ द्यायची, त्यामुळे ब्रेकला घासेल का ही काळजी नाही. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) पण ९५ वरून ९७ झाला, म्हणजे एका टायरला ६९० ऐवजी ७३० किलो.

रिम सेकंडहँडच घेतले, कंपनीचे. एका कॉलेजच्या पोराने स्वतःच्या लेगसीला काळे अलॉय लावले आणि मूळचे १७ विकायला काढले (नवरा त्याच्याशी जरा जास्तच आपुलकीने बोलत होता). कंपनीचेच घेतल्यामुळे ५x११४.३ चा बोल्ट पॅटर्न (पाच बोल्ट, ११४.३ मिमीच्या वर्तुळावर), ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतो ते), ५६.१ मिमीचं मधलं भोक, सगळं आपोआप जुळलं. बाहेरच्या रिमचं हे भोक बऱ्याचदा मोठं असतं, मग हबला रिंग घालावी लागते, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. प्रेशरचे सेन्सर मात्र नव्हते, ते वेगळे घेतले. टायर ऑल-वेदर घेतले, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले, म्हणजे बर्फात चालणारे. चारी चाकं ओढतात म्हणून गाडी निघते झोकात, पण थांबताना तुमची गाडी आणि शेजाऱ्याची साधी गाडी सारखीच, तिथे रबरच काय ते.

चालवताना फरक? वळणावर किंचित मऊ वाटते. रेल्वे क्रॉसिंगवर पोरगी आता मागे झोपलेली उठत नाही, मला तेवढं पुरे. दिसायला १७ जरा बिचारे दिसतात हे कबूल.

रविवारी बाबांना फोनवरून चारी चाकं दाखवली. ड्राइव्हवेमध्ये फोन घेऊन वाकून वाकून.

"हवा किती ठेवलीस?"

"दारावरच्या स्टिकरवर आहे तेवढी, सकाळी थंड असताना भरली."

"बरं. आणि स्टेपनी?"

डिकी उघडली, खालचं झाकण काढलं. ती बारकी टेम्पररी स्टेपनी २०१८ पासून कुणी बघितलीच नव्हती. तिच्यावर ६० पीएसआय लिहिलंय. गेज लावला, ३८.

बाबा काही बोलले नाहीत, चहा प्यायले.