मोगऱ्याची नुसतीच पानं

“पानं बघा कशी तरारलीत, पण कळी एक नाही!” आज सोसायटीच्या गेटपाशी ऐकलेलं वाक्य. चैत्र लागला तरी कुंडीत नुसतं हिरवं रान.

घोडं अडतं ते कात्रीपाशी. हिरवी फांदी कापायला मन होत नाही. पण मोगरा फुलतो नव्या फुटीच्या टोकाला. माघात फांद्या निम्म्याने छाटायच्या, ८-१० दिवस पाणी कमी करून ताण द्यायचा, मग १२ इंची कुंडीला दोन मुठी कुजलेलं शेणखत. युरिया नकोच, त्यातलं नत्र (नायट्रोजन) वाढलं की पानंच माजतात. शिवाय रोज ५-६ तास ऊन. (ग्रिलमागच्या सावलीत कसली फुलं येतात!)

छाटणी राहिली असेल तर आता निदान शेंडे दोन पेरं खुडा.

तुमच्याकडे कात्री कुणाच्या हातात असते?