फासकी, उतारा आणि हिरवी माती : मसाई मारात पाहिलेलं एक ऑपरेशन

जुलैचा दुसरा आठवडा. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात तालेक नदीच्या काठाने जाताना आमच्या गाईडने गाडी थांबवून इंजिन बंद केलं. पुढे झाडोऱ्यालगत नऊ हत्ती चरत होते. लेकीचं लक्ष पिल्लाकडे गेलं, माझं एका हत्तिणीच्या पायाकडे.

रत्नागिरी जिल्ह्यात एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात गुरांची डॉक्टर म्हणून काम केल्यावर नजर आधी पायांवरच जाते. हत्ती आखूड गवत चरतो तेव्हा पुढच्या पायाच्या नखांनी बुंधा सैल करतो आणि मग सोंडेने उपटतो. ही मात्र जागची हलत नव्हती, नुसत्या सोंडेने ओढत होती. उजवा पुढचा पाय टेकवल्यासारखा करायची आणि लगेच उचलायची. दुर्बीण लावली तर पंज्याच्या वर मांस दोन्ही बाजूंनी फुगलेलं आणि मधे खोल वळी. तार आत रुतलेली. आमच्याकडे रानडुकरासाठी क्लचवायरची फासकी लावतात आणि तीत बिबट्या अडकतो, तेव्हा त्याच्या कमरेला अशीच वळी पडते. हजारो मैलांवर तीच तार पाहून पोटात कालवलं.

पुढे जाणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट इथेच सांगते. असा प्राणी दिसला की गाईडला हळू आवाजात सांगा आणि त्याला वायरलेसवर रेंजरशी बोलू द्या. तोवर कोणता पाय, कोणती बाजू, कळपात किती जण, तोंड कुठल्या दिशेला आणि किती वाजले, एवढं टिपून ठेवा. दोन्ही कानांच्या कडा नीट दिसतील असे फोटो काढा, कारण कानाच्या कडेवरच्या फाटींवरून हत्ती ओळखला जातो. आणि जमलं तर रेंजर येईपर्यंत तिथून हलू नका. कळप झाडीत शिरला तर दुसऱ्या दिवशी तोच हत्ती सापडणं कठीण. आम्ही अडीच तास बसून राहिलो. त्या दिवशी मारा नदीवर जायचं राहिलं, त्याची हळहळ अजिबात नाही. एक मिनीबस मात्र फोटोसाठी थेट कळपाच्या तोंडाशी गेली, तशी हत्तीण पिल्लाला घेऊन तीन पायांवर पळाली. त्या गाडीतल्या माणसांना जखम दिसलीही नसेल, पण तिला ते पन्नास फूट फार महाग पडले.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. केनियात वन्यप्राणी सरकारच्या ताब्यात असतात आणि त्यांच्यावर उपचार करायचे ते केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या डॉक्टरांनी. गाड्या, औषधं आणि इंधनाचा मोठा भार शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टसारख्या संस्था उचलतात. अशा फिरत्या पथकांपैकी शेल्ड्रिकचं पहिलं पथक २००३ साली त्सावोत सुरू झालं. आता मारा, अंबोसेली, मेरू इथेही पथकं आहेत. दवाखाना म्हणजे एक लँड क्रूझर. मागे फ्रीज, औषधांच्या पेट्या, जाड दोर आणि पाण्याचे कॅन. आदल्या दिवशी आमचीच गाडी थांबली होती म्हणून रेंजरने आम्हाला लांबून पाहू दिलं. हा अपवाद समजा. 'उपचार दाखवतो' असं कोणी कार्यक्रमात छापलं असेल तर त्यावर विसंबू नका, आणि गाईडला तसा आग्रहही करू नका.

डार्टमध्ये, म्हणजे लांबून बंदुकीने मारायच्या सुईत, एटॉर्फिन हे भुलीचं औषध असतं. मॉर्फिनपेक्षा हजारपटींहून जास्त तीव्र. माणसाच्या डोळ्यात किंवा जखमेत थेंब उडाला तरी जीव जाऊ शकतो, म्हणून भरताना हातमोजे, शेजारी दुसरा माणूस आणि माणसासाठीचा उतारा जवळ तयार. हे काम एकट्याने कोणी करत नाही. डॉक्टरने गाडीतूनच नेम धरला. गुलाबी शेपटाचा डार्ट मांडीत बसला. हत्तीण दचकली, थोडं चालली, मग पावलं अडखळायला लागली. बाकीचा कळप दोन गाड्यांनी हळूहळू बाजूला नेला. सातव्या मिनिटाला ती बसली, आणि नेमकी छातीवर बसली.

त्या क्षणी माझा श्वास अडकला. हत्तीची फुप्फुसं छातीच्या भिंतीला चिकटलेली असतात. आपल्यासारखी किंवा गाईसारखी मधे मोकळी जागा नसते. छातीवर बसला की पोटाचा सगळा भार पुढे ढकलला जातो आणि काही मिनिटांत गुदमरतो. पुस्तकात वाचलेलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होते. रेंजर धावले, दोराचा फास सुळ्यांना आणि पायाला घातला, दुसरं टोक लँड क्रूझरला. गाडीने एक हिसका दिला आणि ती कुशीवर आडवी झाली. लगेच एकाने सोंड सरळ करून टोकाच्या नाकपुड्यांत छोटी काडी अडकवली, हवा खेळती राहावी म्हणून. दुसऱ्याने कान डोळ्यावर पालथा घातला, ऊन आणि धूळ लागू नये म्हणून. तिसरा "माजी, माजी!" म्हणून ओरडत होता. स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी. कानांतल्या शिरांमधून हत्तीच्या अंगातली उष्णता बाहेर पडते, म्हणून कानावर सतत पाणी ओतत राहायचं.

जखमेपाशी डॉक्टरने दोन बोटं वळीत घालून तार चाचपली. कटर तीनदा निसटला. चौथ्या वेळी कट्ट असा आवाज आम्हाला लांबवर ऐकू आला आणि जेमतेम हातभर तार बाहेर आली, पूसोबत. वारा आमच्या दिशेने होता. तो वास मला नवा नाही, लेकीने मात्र तोंडावर ओढणी घेतली. मग भरपूर पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड, मेलेलं मांस खरवडून काढणं, आयोडीन, बरेच दिवस काम करणारं प्रतिजैविक, सूज उतरवणारं इंजेक्शन. शेवटी वळीत हिरवी माती लिंपली. ही औषधी माती जखमेवर थापली की माश्या बसत नाहीत आणि घाण आत जात नाही. जंगलात ड्रेसिंग बदलायला दुसऱ्यांदा कोणी येणार नसतं, जे करायचं ते एकदाच.

मग सगळे गाडीत चढले. डॉक्टर एकटा मागे राहिला, कानामागच्या शिरेत उतारा दिला आणि पळत गाडीत आला. दोन-अडीच मिनिटांनी कान हलला. तिने पाय झाडले, झोका घेतला आणि उभी राहिली. आडवी झाल्यापासून उभी राहीपर्यंत सव्वीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

नंतर डॉक्टरशी दहा मिनिटं बोलता आलं. "मामा, तुम्हीही डॉक्टर?" त्याने विचारलं. तिथे वयाने मोठ्या बाईला मामा म्हणतात. मी जिराफाचं विचारलं, तर त्याने मान हलवली. त्याच्या मते सगळ्यात अवघड जिराफ. एवढ्या उंच मानेत रक्त चढवायला दाब जबरदस्त असतो, भुलीत तो बिघडतो. म्हणून जिराफ खाली आला की लगेच उतारा द्यायचा आणि डोळ्यांवर कापड टाकून चार माणसांनी मान दाबून धरायची. म्हणजे जागा असतानाच काम करायचं!

मग मी सिंहाचं विचारलं. आदल्या संध्याकाळी एक सिंह पाहिला होता, मांडीत रेड्याच्या शिंगाची जखम. त्याचं काही करणार नाही, असं उत्तर आलं. माणसामुळे झालेली इजा, म्हणजे फासकी, बाण, भाला, विष, गाडीची धडक, तिथे हात घालायचा. गेंड्यासारखा प्राणी मोजकाच उरला असेल तर वेगळा विचार. रेड्याने मारलेलं शिंग रेड्याचा हक्क. दवाखान्यात आलेलं एकही जनावर मी परत पाठवलं नाही, म्हणून रात्री ते मनात घोळत राहिलं. पण ती हत्तीण छातीवर बसली तो क्षण आठवला आणि पटलं. प्रत्येक डार्टमध्ये प्राण्याचा जीव पणाला लागतो. माणसाने लावलेली तार माणसाने काढावी, एवढ्यासाठी तो धोका पत्करणं रास्त आहे.

आता तयारीचं. पीतज्वराची लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि घेतल्यावर दहा दिवस पूर्ण झाले तरच प्रमाणपत्र चालतं. ते नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवतात. आमच्या टूरवाल्यांनी हे निघायच्या आठ दिवस आधी सांगितलं, त्यामुळे तिकिटं पुढे ढकलण्याचा भुर्दंड बसला. तुम्ही तिकिटं काढायच्या आधीच लस घ्या, एकदा घेतली की जन्मभर चालते. २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना लागतो. माराची प्रवेश फीही त्याच वर्षी वाढली. परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. पॅकेजमध्ये ती धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, सामान बांधतानाच कापडी पिशव्या घ्या. पहाटे स्वेटर लागतोच. दोघांत एक दुर्बीण पुरत नाही, प्रत्येकाला वेगळी हवी. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. चपाती आणि मुगाची उसळ, तिथल्या भाषेत 'न्देंगू', साध्या हॉटेलातही मिळते.

नैरोबीत शेल्ड्रिकचं अनाथ हत्तींचं पाळणाघर पाहायचं असेल तर तिकिटाच्या आधी त्याची नोंदणी करा. रोज ११ ते १२ एवढा एकच तास लोकांसाठी असतो आणि नोंदणीशिवाय आत घेत नाहीत. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी हा ट्रस्ट १९७७ मध्ये नवऱ्याच्या स्मरणार्थ सुरू केला. हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला गाईच्या दुधातली चरबी पचत नाही. अनेक पिल्लं दगावल्यावर त्यांना उपाय सापडला खोबरेल तेलात. कोकणातल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते सांगायला नको. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाटली. राखणदार पिल्लाशेजारी झोपतात, पण एकाच माणसाचा लळा लागू नये म्हणून रोज बदलतात. आपल्याला दोरीपलीकडे उभं राहून पाहायचं, बाटली हातात मिळत नाही. आफ्रिकेत कुठेही सिंहाच्या छाव्याला मांडीवर घेऊन दूध पाजायला मिळतं अशी जाहिरात दिसली, तर तिथे पैसे देऊ नका. ते पिल्लू आईपासून मुद्दाम तोडलेलं असतं. आणि चोरट्या शिकाऱ्यांना माग लागू नये म्हणून गेंड्याचा फोटो टाकताना जागेचं नाव लिहू नका, फोनमधलं लोकेशनही बंद ठेवा.

निघायच्या दिवशी सकाळी गाईडने न विचारता गाडी तालेककडे वळवली. कळप नदीपलीकडे होता. उजव्या पायावर वाळलेली हिरवी माती दिसत होती, सूज बरीच होती. मी दुर्बीण धरून बसले. तिने दोनदा पाय टेकून काढून घेतला. मग उजवा पाय जमिनीवर ठेवून डावा पुढे टाकला, नखांनी गवताचा बुंधा खरवडला आणि सोंडेने उपटला.