बिल्ला कानात, नोंद जागेवर: माझा अनुभव

गाईंच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ले मारायचे असं घरात ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी हातात घ्यावी लागली ती जुनी वही. बाबांनी ती मनापासून लिहिलेली होती. व्यायल्याची तारीख, रेतनाची तारीख, कुठल्या वळूचं वीर्य, सगळं त्यात होतं. पण ती उलगडायची ती फक्त त्यांनाच. एका पानावर ‘गौरी’, दुसऱ्यावर ‘थोरली गौरी’, तिसऱ्यावर ‘गौरीची कालवड’, आणि ती कालवड व्यायल्यावर पुढच्या पानापासून तीही नुसती ‘गौरी’. बाबा गोठ्यात असले की अडचण नव्हती. ते नसताना डॉक्टरांनी विचारलं, “ही मागे कधी उलटली होती?” (म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर आली होती) की उत्तर द्यायला कोणी नसायचं.

म्हणून बिल्ल्यांच्या आधी मी प्रत्येक जनावराला गोठ्याचा स्वतःचा नंबर दिला. जन्माचं वर्ष आणि त्या वर्षातला क्रम, इतकाच. 2021 मध्ये जन्मलेली चौथी कालवड म्हणजे 2104. हा नंबर आयुष्यभर बदलत नाही, आणि जनावर गोठ्यातून गेलं तरी दुसऱ्याला देत नाही. बाबांना शेजारी बसवून वही या नंबरांवर उतरवली. संध्याकाळी धारा झाल्या की बसायचो. एकेका गाईची आई कोण, आजी कोण, हे ते सांगत गेले, मी लिहीत गेले. सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथेच गेला, आणि माझ्या मते तो इथेच घालवायला हवा. वही गोंधळलेली असेल तर रीडर, म्हणजे बिल्ल्यातला आकडा वाचणारं यंत्र, आणून तोच गोंधळ फक्त पडद्यावर दिसतो.

मग बिल्ला निवडायचा प्रश्न. जनावरांसाठीचे नेहमीचे इलेक्ट्रॉनिक बिल्ले 134.2 किलोहर्ट्झवर चालतात. आत बॅटरी नसते. तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं आणि चिप, एवढंच. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रात आलं की त्यातूनच ऊर्जा घेऊन चिप आपला आकडा सांगते. आकडा कसा असावा हे आयएसओ 11784 या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेलं आहे, आणि तो कसा वाचायचा हे 11785 मध्ये. एकूण 15 अंक. पहिले तीन देशाचे, किंवा 900 पासून पुढचे असतील तर बिल्ला बनवणाऱ्या कंपनीचे; उरलेले 12 त्या जनावराचे. यात दोन प्रकार मिळतात. एफडीएक्स-बी बिल्ला रीडरचं क्षेत्र चालू असतानाच उत्तर देतो. एचडीएक्स आधी ऊर्जा साठवतो आणि क्षेत्र बंद झाल्याच्या क्षणात उत्तर देतो, त्यामुळे तो साधारणपणे थोड्या जास्त अंतरावरून वाचला जातो. मानकाप्रमाणे बनलेला रीडर दोन्ही वाचतो. खरेदीच्या आधी एवढं एक मात्र विचारून घ्यावं.

पोटात द्यायची सिरॅमिकची गोळीही असते. ती जड असल्यामुळे जाळीच्या पोटात बसून राहते आणि कानातल्या बिल्ल्यासारखी कुठे अडकून निघत नाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, म्हणजे दिसणारा बिल्ला वेगळा हवाच. कातडीखालची काचेची चिप आत सरकू शकते, म्हणून तीही नको वाटली. दुरून एकदम अनेक जनावरं वाचणारी यूएचएफची (जास्त वारंवारतेच्या रेडिओ लहरींची) सोय मोठ्या कळपाला उपयोगी असेल. मला मात्र एका गाईपाशी उभं राहून तीच गाय वाचली गेली याची खात्री हवी होती, आणि त्यासाठी हातभर अंतरावरून वाचणारा कानातला बिल्ला सगळ्यात बरा. एका कानात इलेक्ट्रॉनिक, दुसऱ्या कानात मोठ्या अक्षरात गोठ्याचा नंबर लिहिलेला साधा, अशी जोडी ठरली.

बिल्ले मारायला कोरडे, माश्या कमी असलेले दिवस निवडले. कानाला झालेली जखम पावसाळ्यात चिघळते आणि माश्या बसल्या की त्यात किडे पडतात. गाय खोड्यात घेऊन डोकं पक्कं बांधायचं. कान हातात धरून उजेडाकडे केला की कूर्चेच्या दोन कडा आणि शिरा दिसतात. त्या दोन कडांच्या मधली, कानाच्या मधल्या भागातली जागा शोधायची. टोकाला मारला तर बिल्ला लवकर फाटून निघतो. टोकदार खिळ्याचा भाग कानाच्या मागच्या बाजूने येतो आणि चिपचा गोल भाग आतल्या बाजूला राहतो, म्हणजे गव्हाणीला घासला तरी चिपला धक्का कमी. पक्कड एकाच जोरात दाबून लगेच सोडायची. हात अडखळला तर गाय डोकं झटकते आणि भोक वाकडं होतं. वासरांचा कान वाढणार असतो, म्हणून तिथे बिल्ला आणि कान यात मोकळी फट राहील असं पाहिलं. दर जनावरानंतर पक्कडीची पिन जंतुनाशकात बुडवायची हा डॉक्टरांचा कडक नियम होता, कारण रक्तावाटे पसरणारे रोग अशाच अवजारांवरून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात.

बिल्ला मारण्याआधी एकदा आणि मारल्यावर एकदा वाचायचा. भावाने बिल्ल्यावर छापलेला आकडा मोठ्याने म्हणायचा, मी रीडरच्या पडद्यावर तो पडताळायचा, आणि त्याच वेळी बाबांनी गाय ओळखून गोठ्याचा नंबर सांगायचा. तिन्ही जुळल्याशिवाय पुढची गाय खोड्यात नाही. हे फार सावकाश वाटतं, पण इथे लागलेली चुकीची जोडी पुढे प्रत्येक नोंदीत चुकीचीच राहते.

रीडरमधले आकडे संगणकावर घेताना एका गोष्टीकडे खास लक्ष द्यावं लागतं. 15 अंकी आकडा साध्या स्प्रेडशीटमध्ये टाकला की तो 9.82E+14 असा दिसतो. त्याच अवस्थेत सीएसव्ही फाइल जतन केली तर सगळ्या गाईंचे आकडे एकसारखे होऊन बसतात आणि शेवटचे अंक परत मिळत नाहीत. देशाचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल, जसा ऑस्ट्रेलियाचा 036, तर ते शून्यही गळून पडतं. म्हणून फाइल थेट उघडायची नाही; स्प्रेडशीटमध्ये आत घेताना (इम्पोर्ट करताना) तो रकाना ‘मजकूर’ प्रकारचा निवडायचा.

गोठ्यात रीडरला अडचण लोखंडाची आणि मोटारीची. लोखंडी पाइपला कान टेकलेला असेल तर वाचन नीट होत नाही. धारा काढायच्या यंत्राची मोटार चालू असली की अंतर कमी होतं. बिल्ल्याची सपाट बाजू रीडरसमोर आली तर लगेच वाचतो, कड समोर आली तर हात थोडा फिरवावा लागतो. दोन दिवसांत हाताला सवय होते.

नोंदी काय ठेवायच्या, यावर मी आखडता हात घेतला. ॲपमध्ये रकाने ढीगभर असतात. आम्ही जन्म आणि आई-बाप, माज आणि रेतन, गाभण तपासणी, वेत, उपचार, लसीकरण, दूध आणि ये-जा एवढंच ठेवलं. रेतनाची तारीख एकदा पक्की झाली की बरंच काही आपोआप निघतं: साधारण 21 दिवसांनी गाय पुन्हा माजावर येते का ते पाहायचं, व्यायला सुमारे 280 दिवस, त्याआधी 60 दिवस आटवायची (धार काढणं बंद करायचं), म्हणजे रेतनापासून 220 दिवसांच्या आसपास. पूर्वी हे बाबांच्या डोक्यात असायचं. आता ज्या आठवड्यात ज्या गाई आटवायच्या, त्यांची यादी गोठ्याच्या दारावर लागते. घटना घडल्याची तारीख-वेळ आणि नोंद केल्याची तारीख-वेळ हे दोन रकाने मी वेगळे ठेवले आहेत. माज पहाटे बाबांना दिसतो, नोंद कधी कधी दुपारी होते. त्या दोन वेळा एक झाल्या तर रेतनाची वेळ ठरवायला ती नोंद उपयोगी पडत नाही.

सगळ्यात मोठा फरक पडला तो उपचारांच्या नोंदीत. कासदाह (कासेला सूज) झालेल्या गाईला प्रतिजैविक दिलं की औषधाचं नाव, मात्रा, कुठला सड, शेवटचा डोस कधी आणि दूध कुठपर्यंत वेगळं ठेवायचं, हे डॉक्टर उभे असतानाच लिहिलं जातं. संध्याकाळी धारेला दुसरा माणूस असला तरी कान वाचल्याबरोबर पडद्यावर लाल पट्टी येते आणि त्या गाईचं दूध वेगळ्या बादलीत जातं. ते दूध कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाणार असतं. नुसत्या तोंडी निरोपावर ते सोडणं मला कधीच पटत नव्हतं.

ये-जा हा रकाना लोक सोडून देतात, पण देशोदेशी ही सगळी व्यवस्था उभी राहिली ती मुख्यतः त्यासाठीच. 1996 मध्ये गाईंचा मेंदूचा रोग (‘मॅड काउ’) माणसांपर्यंत पोहोचल्याची शक्यता ब्रिटनने जाहीर केली, आणि 2000 मध्ये युरोपीय संघाने गाईगुरांची ओळख आणि नोंदणी यांचा एकत्रित कायदा केला. अमेरिकेत 5 नोव्हेंबर 2024 पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ठरावीक गटांतल्या गुरांचे अधिकृत बिल्ले डोळ्यांनीही आणि रीडरनेही वाचता आले पाहिजेत. लाळ्या-खुरकूत एका गोठ्यात निघाला तर मागच्या काही दिवसांत तिथून कोणती जनावरं कुठे गेली, हे तासाभरात सांगता येणं आणि आठवडाभर विचारत फिरणं यात किती गोठे वाचतात किंवा जातात, हे ज्याने तो रोग पाहिला आहे त्याला सांगायला नको. म्हणून बाहेरून आलेल्या गाईच्या कानात आधीचा बिल्ला असेल तर तो आम्ही काढत नाही. त्याचाच आकडा आमच्या नंबराशी जोडतो, आणि ती वेगळी बांधलेली असताना कुठून, कधी आली हे लिहून घेतो.

बिल्ले पडतातही. असं झालं की नवा बिल्ला त्याच गोठ्याच्या नंबराला जोडायचा आणि जुन्याच्या पुढे ‘या तारखेला पडला’ असं लिहून तो तसाच ठेवायचा. गोठ्याचा नंबर वेगळा ठेवल्याचा फायदा इथे कळतो, गाईचा आधीचा सगळा इतिहास जागचा हलत नाही. महिन्याला सगळ्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या जागी जतन करते, आणि एक छापील प्रत बाबांसाठी काढते. ते चष्मा लावून ती वाचतात आणि पेनाने दुरुस्त्या करतात. “अगं, ही कालवड दोन दिवस आधीच माजावर आली होती,” असं ते म्हणाले की मी ती तारीख बदलते आणि शेऱ्यात तसं लिहिते.

आता रीडर वजनकाट्याला जोडायचं काम चालू आहे. कालवडीचं पहिलं रेतन वयापेक्षा वजनावर ठरवावं, मोठ्या गाईच्या वजनाच्या साधारण 60 टक्के झाली की, असं डॉक्टर सांगतात. आजवर आम्ही ते अंदाजाने करत होतो. यंदाच्या कालवडींची वजनं दर महिन्याला त्यांच्या नंबरावर चढायला लागली आहेत.