तुम्ही विचारलंत म्हणून: एकत्र राहताय ना, मग लग्नाचा कायदा कशाला?

"तुम्हाला अडवतंय कोण? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 गेलं, एकत्र राहताय, मग कायद्याने लग्न कशाला हवंय?" हे मला नातेवाइकांनी विचारलंय, ऑफिसात विचारलंय, सोसायटीतल्या काकूंनीही विचारलंय आणि बहुतेक जण मनापासून विचारतात, म्हणून नीट सांगते.

मी आणि माझी जोडीदार, आम्ही दोघी बायका, बरीच वर्षं ठाण्यात एकत्र राहतो. अडवत कोणी नाही हे खरंय. 6 सप्टेंबर 2018 पासून कायद्याने आम्ही गुन्हेगारही नाही. पण कायद्याच्या लेखी आम्ही एकमेकींच्या कोणीच नाही, आणि हे रोज जाणवत नाही, कागद करायला गेलं की जाणवतं.

आमच्या फ्लॅटचंच घ्या. फ्लॅट माझ्या नावावर आहे, हप्ते दोघींनी भरलेत, म्हणून अर्धा तिच्या नावावर करावा म्हटलं तर वकीलबाईंनी सगळं समजावून सांगितलं. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. दोनशे! तिला दिलं तर मात्र एखाद्या परक्या माणसाला विकल्यासारखं बाजारभावावर शुल्क, आणि वर इन्कम टॅक्स वेगळाच, कारण नातेवाइकाकडून मिळालेली भेट करमुक्त असते आणि त्या यादीत नवरा-बायको असतात पण ती माझी नातेवाईकच नाही, त्यामुळे 50 हजारांच्या वर किमतीची मालमत्ता मी तिला नुसती दिली तरी ते तिचं उत्पन्न धरणार. म्हणजे जिने हप्ते भरले तिनेच स्वतःच्या घरावर टॅक्स भरायचा. मला याचा फार राग येतो, लपवत नाही.

लोक म्हणतात मृत्युपत्र करा, नॉमिनी लावा. केलंय सगळं. पण मृत्युपत्र आपण गेल्यावर कामाचं, आणि नॉमिनी म्हणजे मालक नाही हे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये शेअर्सच्या केसमध्ये पुन्हा सांगितलंय. आणि जिवंतपणीचं काय? उद्या मला किडनी लागली तर 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणून नवरा-बायको आहेत, ती नाही, तिला प्राधिकार समितीपुढे जाऊन सिद्ध करावं लागणार की पैशासाठी देत नाहीये. एका लग्नाच्या दाखल्याने हे सगळं आपोआप होतं, आम्ही मात्र एकेक कागद गोळा करतोय आणि तरी काहीतरी उरतंच.

17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नांवर सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, तो दिवसभर आम्ही टीव्हीसमोर होतो. पाचही न्यायाधीश म्हणाले की लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही, कायदा बदलणं संसदेचं काम. नंतर केंद्राने समिती नेमली, 2024 मध्ये जॉइंट अकाउंटला बंदी नाही, रेशन कार्डावर एकाच कुटुंबात नाव घालता येईल अशी पत्रकं निघाली. चांगलं झालं, पण यातून नातं काही मिळालं नाही.

संस्कृतीचं म्हणाल तर आम्ही कोणत्या भटजींना बोलवून सक्ती करत नाही हो, मागणी 1954 च्या विशेष विवाह कायद्यात बदल करण्याची आहे, जो मुळात धर्माबाहेर, रजिस्ट्रारपुढे लग्न करणाऱ्यांसाठीच केलेला आहे. शेजारच्या नेपाळमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये अशा लग्नाची पहिली नोंदणी झाली, थायलंडमध्ये जानेवारी 2025 पासून कायदाच आहे, तिथल्या बाकीच्यांची लग्नं जशी होती तशीच आहेत.

आमच्यातलेच काही तरुण म्हणतात आम्हाला लग्नसंस्थाच नको. नको तर नका करू, पण नाही म्हणायलाही आधी हक्क हवा ना. तुम्हाला नाही म्हणता येतं, आम्हाला तेही येत नाही.

म्हणून हो, केंद्र सरकारने मान्यता द्यायलाच हवी, पूर्ण, लग्न म्हणूनच. एप्रिल 2022 मध्ये सुप्रिया सुळे यांनी यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, 2024 मध्ये ती लोकसभा संपली आणि विधेयकही गेलं. पुन्हा कोणीतरी मांडायला हवं. तुमचे खासदार मतदारसंघात भेटले की जो प्रश्न मला विचारता ना, तो एकदा त्यांनाही विचारा, यावर तुमचं मत काय म्हणून.